पाचव्या फाउलचा हिशेब

माझ्या टेबलावर बास्केटबॉलच्या एका जुन्या सामन्याची स्कोअरशीट आहे. मोबाइलवर काढलेल्या फोटोची ही रंगीत प्रत. आमच्या भुसावळ-वरणगाव पट्ट्यातल्या एका कॉलेजचा संघ पुण्याकडच्या निमंत्रित स्पर्धेत खेळायला गेला होता, तिथली. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरच्या नोंदी लाल शाईनं, दुसऱ्या आणि चौथ्याच्या गडद निळ्या शाईनं करायच्या, अशी स्कोअररची रीत असते. त्यामुळे वाचता येणाऱ्याला कागदावरूनच सामना कसा हातातून गेला ते दिसतं. संघाच्या फाउलसाठी दर क्वार्टरला चार चौकोन असतात. पहिल्या क्वार्टरचे चारही लाल फुल्यांनी भरलेले. आत खेळणाऱ्या उंच पोराच्या नावापुढे दोन लाल ‘पी’, मग दोन निळे, मग मध्यंतराला मारलेली जाड रेघ, आणि रेघेच्या पलीकडे पुन्हा एक लाल. म्हणजे तिसऱ्या क्वार्टरमध्येच गडी बाहेर. बारा नावांच्या जागेत नावं भरलीत नऊ. प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या रांगेत फ्री थ्रोचे भरीव ठिपके इतके, की मोहरी सांडल्यासारखी वाटावी.

सामन्यानंतर त्या संघाचे क्रीडासंचालक मला एवढंच म्हणाले, “सर, आपल्याकडे याला फाउल म्हणतच नाहीत.”

त्यांची तक्रार पंचांवर नव्हती, निदान पूर्णपणे नव्हती. हीच पोरं आठवडाभर आधी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात अशीच भिडून खेळली होती आणि तिथं कुणी शिट्टी वाजवली नव्हती. पंचगिरी कडक झाली की अंगानं खेळणाऱ्या संघांचं काय होतं, हा प्रश्न अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये गेली वीसएक वर्षं घोळला जातोय. आपल्याकडे तो बसमध्ये, परतीच्या वाटेवर चर्चिला जातो आणि गाव आलं की संपतो. दोन्हीकडचं मिळून आज चित्र काय आहे, ते पाहू.

जन्मापासूनचा पेच

१८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ बसवला, तो मुळात धक्काबुक्की टाळायला. हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल आणि हाडं मोडणार नाहीत असं काहीतरी त्यांना हवं होतं. त्यांच्या तेरा नियमांतला पाचवा साफ आहे: खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं, यातलं काही चालणार नाही. दुसऱ्या फाउलला खेळाडूनं पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसायचं. दुखापत करायचाच हेतू दिसला तर उरलेला पूर्ण सामना बाहेर, आणि बदली खेळाडूही नाही. एका संघानं लागोपाठ तीन फाउल केले तर समोरच्यांना गोल बहाल. आजच्या कुठल्याही ‘कडक’ पंचाला लाजवील असा हा कायदा.

पण टोपली डोक्यावर, तिच्याखालची जागा जेमतेम खोलीएवढी आणि तिथं दहा धडधाकट माणसं. अंगाला अंग लागणार नाही असं कसं होईल? म्हणून कायदा हळूहळू ‘स्पर्श नको’ कडून ‘स्पर्शाचा गैरफायदा नको’ कडे सरकला. आज ‘फिबा’चे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम प्रत्येक खेळाडूला त्याच्याभोवतीचा एक काल्पनिक उभा सिलिंडर देतात. त्यातली जागा त्याची. दुसऱ्यानं त्यात घुसून फायदा उठवला तर फाउल, आणि ओझरता स्पर्श होऊन कुणाचं काही बिघडलं नाही तर खेळ चालू. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाद. क्वार्टरमध्ये संघाचे चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो.

‘फायदा उठवला का’ हे ठरवायचं पंचानं, अर्ध्या सेकंदात. सगळा वाद त्या अर्ध्या सेकंदाचा आहे. पुस्तकातलं एक अक्षर न बदलता शिट्टी सैल करता येते, तशी आवळताही येते.

एक योगायोग इथंच सांगून टाकतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला, तोही उघड्यावर, मातीच्या मैदानात. पावसातल्या अंतिम सामन्यात अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. नेस्मिथ तिथं हजर होते. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं आपल्या कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. स्पर्श टाळणारा खेळ आणि स्पर्शावरच उभा असलेला खेळ एकाच गावात मुक्कामाला होते. आमच्याकडच्या पोरांच्या अंगात ते दोन्ही आजही एकत्र नांदतात, त्याकडे पुढे येतो.

शिट्टी आवळण्याचे प्रयोग

पहिला मोठा प्रयोग व्यावसायिक लीगमधला. २००४ साली डेट्रॉइट पिस्टन्सनं एनबीएचं विजेतेपद मिळवलं ते निव्वळ बचावाच्या जोरावर. गुणसंख्या घसरली होती, सामने चिखलात बैल रुतावेत तसे रुतत होते. पुढच्या, म्हणजे २००४-०५ च्या हंगामापासून चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूवर हात किंवा कोपरापुढचा भाग टेकवून त्याला अडवण्यावर पंचांनी सक्ती केली. संघामागची गुणांची सरासरी सामन्याला ९३.४ वरून ९७.२ वर गेली.

कॉलेजच्या खेळात हे नऊ वर्षांनी आलं. एनसीएए या अमेरिकी कॉलेज क्रीडासंघटनेच्या पहिल्या श्रेणीत २०१२-१३ मध्ये पुरुष संघांची सरासरी ६७.५ गुणांच्या आसपास आली होती, कित्येक दशकांतली सर्वांत कमी. पुढच्या हंगामासाठी पंचांना चार गोष्टी नेमक्या सांगितल्या गेल्या: चेंडूवाल्याच्या अंगावर हात ठेवून तो तसाच राहू देणं, दोन्ही हात लावणं, हात पुढे करून सतत टोचत राहणं, आणि आडव्या हातानं वाट अडवणं. चारही फाउल. टोपलीकडे झेपावणाऱ्यासमोर ऐन वेळी येऊन उभं राहणाऱ्या बचावपटूलाही आता पूर्वीइतकी मोकळीक नव्हती.

पहिले काही आठवडे गोंधळ उडाला. फाउल वाढले, सामने लांबले, प्रशिक्षक कुरकुरले. हंगामाअखेर सरासरी ७१ च्या घरात गेली. मग २०१४-१५ मध्ये ती परत ६८ च्या खाली. पंच थकले की खेळाडू शिकले, यावर तेव्हापासून दोन तट आहेत. २०१५-१६ मध्ये पुन्हा सक्ती झाली, पण त्याच वर्षी फेकीसाठीची मुदत ३५ सेकंदांवरून ३० वर आणली गेली आणि टोपलीखालचा अर्धवर्तुळाकार पट्टाही तीन फुटांवरून चार फुटांचा केला गेला. सरासरी वाढली, पण त्यात शिट्टीचा वाटा किती आणि घड्याळाचा किती, हे वेगळं काढणं अवघड. या वादातले बरेच आकडे असे तीन औषधं एकदम घेतलेल्या रोग्यासारखे आहेत.

मतं

सक्तीच्या विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला सोपं वाटतं, पण ते उथळ नाही. ताकद हे गरीब संघाचं भांडवल, असं ते म्हणतात. बाहेरून अचूक फेक मारायला रोज शेकडो चेंडू फेकावे लागतात. त्यासाठी छपराखालचं मैदान, चेंडूंची पोतडी आणि पगारी प्रशिक्षक लागतो. भिडून बचाव करायला दम लागतो आणि जिद्द लागते, आणि ती फुकट मिळते. शिट्टी आवळली की हे भांडवल रद्दीत जातं. शिवाय फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. आत खेळणारा उंच गडी दोन फाउल झाले की बाकावर येतो, त्याच्या जागी यायला कुणी नसतं, संघ माणसामागे माणूस सोडून विभागून बचाव करायला लागतो, आणि जो दबाव ही त्याची ओळख होती तोच संपतो. पाचवा फाउल व्हायच्या कितीतरी आधी नुकसान झालेलं असतं. ते स्कोअरशीटवर दिसत नाही.

उलट बाजू म्हणते, हा नवा कायदा कुठंय? जुनाच पाळायला लावला. हात टेकवून अडवणं हे कसब नव्हे, पाय कमी पडल्याची कबुली आहे. ती सूट दिली की लहान चणीच्या चपळ खेळाडूला मैदानात जागाच उरत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक पोरं लहान चणीचीच आहेत. हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. उंचीच्या खेळात सक्तीचा फायदा बुटक्यांना होतो, आणि बुटका संघ बलदंडच असेल असं नाही.

तिसरा विचार अभ्यासकांचा. रॉबर्ट मॅकॉर्मिक आणि रॉबर्ट टॉलिसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये एक गमतीदार निबंध लिहिला. अमेरिकेतल्या एसीसी या कॉलेज गटाच्या स्पर्धेत १९७०च्या दशकाच्या अखेरीला दोनऐवजी तीन पंच आले. डोळे वाढले म्हणजे फाउल जास्त सापडायला हवेत. झालं उलटं. फाउल सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. पकडले जाऊ याची खात्री पटली तशी खेळाडूंनी सवयच सोडली. या मताला मैदानावरचे दाखलेही मिळतात. पिस्टन्सना लक्ष्य करूनच सक्ती आली असं बोललं गेलं, तरी ते २००५ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि सातव्या सामन्यात हरले. हरवणारा सॅन अँटोनिओ स्पर्स हाही बचावासाठीच ओळखला जाणारा संघ. कॉलेजात व्हर्जिनियाचा संघ अत्यंत चिवट बचावाचा, पण हात लांब ठेवून पायांनी खेळणारा. सक्तीच्या पहिल्याच हंगामात, २०१४ मध्ये, तो एसीसीची साखळी आणि स्पर्धा दोन्ही जिंकला आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला.

आणि वेस्ट व्हर्जिनिया? बॉब हगिन्स यांच्या या संघानं २०१४-१५ पासून उघड उलटा रस्ता धरला. संपूर्ण मैदानभर दबाव आणि देशात सर्वाधिक फाउल करणाऱ्यांत नाव. तरी तो राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पुन्हा पुन्हा पोहोचला. त्याचं गणित साधं होतं. खेळवायला दहाएक माणसं हाताशी, म्हणजे पाच जणांचे पंचवीस नव्हे, दहा जणांचे पन्नास फाउल खर्चायला. वर, पंच दर वेळी शिट्टी वाजवू शकत नाही हे गृहीत.

हे गृहीत बरोबर आहे का, यावर काइल अँडरसन आणि डेव्हिड पियर्स यांचा २००९ चा अभ्यास आहे. २००४-०५ च्या हंगामातले ३६५ कॉलेज सामने त्यांनी तपासले. दोन संघांच्या फाउलमधला फरक जितका वाढत जातो, तितकी पुढची शिट्टी कमी फाउलवाल्या संघावर वाजण्याची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं. पाहुण्या संघावर जास्त शिट्ट्या वाजतात हेही. म्हणजे भिडून खेळणाऱ्या संघाला पंचांचा समतोल साधण्याचा मोह आपसूक वाचवतो.

हे वाचून मला कुणाचा राग आला नाही, कारण मीही तेच केलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उघड्यावरच्या अंतिम सामन्यात मी पंच होतो. एका संघाचे फाउल सात, दुसऱ्याचे दोन, आणि कठड्यावर बसलेली मंडळी ते मोठ्यांदा मोजत होती. आठवा माझ्या डोळ्यांसमोर झाला, मनगटावर सपकन हात. शिट्टी तोंडात होती. वाजली नाही. पुढच्याच मिनिटाला दुसऱ्या बाजूच्या एका किरकोळ धक्क्याला मात्र ती कशी वाजली, याचं उत्तर त्या खेळाडूनं मागितलं असतं तर माझ्याकडे नव्हतं.

खानदेशात हा प्रश्न वेगळा का

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली खेळतात. आधी कॉलेजा-कॉलेजांत, मग विभागा-विभागांत, आणि निवडलेला विद्यापीठ संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. नियमपुस्तक सगळीकडे एकच, फिबाचं. शिट्टी मात्र पायरीगणिक बदलते. खालच्या पायरीवर ‘खेळू द्या’ हा अलिखित नियम असतो आणि त्याला कारणंही आहेत. पंच दोनच, तेही बरेचदा ओळखीच्या कॉलेजांतले शिक्षक. एका दिवसात उरकायचे सामने ढीगभर. दर धक्क्याला शिट्टी वाजवली तर संध्याकाळची गाडी चुकते.

वरच्या पायरीवर तोच संघ जातो तेव्हा त्याला तो परका कायदा वाटतो. अमेरिकेतल्या संघांना सक्तीशी जुळवून घ्यायला आख्खा हंगाम, तीसेक सामने मिळाले. आमच्याकडच्या पोरांना विद्यापीठाबाहेर वर्षात मोजून दोन-तीन सामने मिळतात, आणि पहिला हरला की पुष्कळदा तोच शेवटचा. मॅकॉर्मिक-टॉलिसन म्हणतात ते शिकणं होतं खरं, पण त्यासाठी वेळ लागतो. मला या सगळ्या वादाचा आमच्यापुरता गाभा हाच वाटतो. नुकसान कडकपणानं जितकं होतं, त्याहून जास्त खालचा आणि वरचा कडकपणा वेगळा असल्यानं होतं. हे मत आहे, आकड्यांनी सिद्ध केलेलं नव्हे.

मैदानाचाही भाग आहे. आमच्याकडची बहुतेक मैदानं उघड्यावरची, सिमेंटची. धावत येणाऱ्यासमोर आधी जागा धरून उभं राहायचं, छातीवर धडक घ्यायची, मागे पडायचं आणि चार्जिंगचा फाउल मिळवायचा, हा कायदेशीर बचावाचा राजमार्ग. लाकडी तक्तपोशीवर तो शिकवता येतो. एप्रिलमधल्या वरणगावच्या सिमेंटवर कोपरं सोलून घ्यायला कोण तयार होईल? मग पोरगा पडण्याऐवजी हात घालतो. नियम त्याला ठाऊक असतो, नियमात राहण्याचा मार्ग त्याच्या कातडीला परवडत नाही.

कबड्डीचं अंग

वरणगावला आयुध निर्माणी आणि शेजारी भुसावळला रेल्वे, यामुळे इथल्या वसाहतींत नाना प्रांतांतली माणसं आणि नाना खेळ आले. पण गावच्या पोराच्या अंगात आधी मुरते ती कबड्डी. तो बास्केटबॉलकडे येतो तेव्हा खालून शिरणं, कंबरेला धरणं, खांद्यानं दाबणं हे सगळं बरोबर घेऊन येतो. तिथं जे गुण मिळवून देतं, इथं तेच फाउल.

पण कबड्डी म्हणजे बेकायदा मारामारी, असा समज असेल तर तो चुकीचा. तिचा कायदा स्पर्शाविरुद्ध नाही, घातक स्पर्शाविरुद्ध आहे. चढाई करणाऱ्याचं तोंड दाबून किंवा गळा आवळून दम तोडणं, पायांची कात्री घालणं, इजा होईल अशी पकड करणं, मुद्दाम हद्दीबाहेर ढकलणं, याला मनाई आहे. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाद. बास्केटबॉलवाल्यांनी इथून घेण्यासारखं एक आहे: काय चालत नाही याची यादी छोटी आणि पोराला पाठ असणारी. एनसीएएनं २०१३ मध्ये चार गोष्टी बोटावर मोजून सांगितल्या, तेही याच वळणाचं.

तरीही कबड्डी या दुखण्यातून सुटलेली नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असा अडला. भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. बाद कोण, यावर जुना नियम लावायचा की नवा, इथंच घोळ झाला. सुमारे तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. आयुष्यभर हाच खेळ खेळलेल्या दोन सर्वोत्तम संघांची ही गत, तर कॉलेजच्या पोरांना दोष काय द्यावा.

जे सुटलेलं नाही

सक्तीचा परिणाम टिकतो का, यावर एकमत नाही. २०१४-१५ ची घसरण दोन्ही बाजू आपापल्या पुराव्यात धरतात. दुखापती कमी होतात का, हे तर विरळाच विचारलं जातं. कमी धक्के म्हणजे कमी इजा असं वाटतं खरं, पण मोकळ्या जागेत वेग वाढतो आणि वेगात वळताना गुडघे जातात, असंही प्रशिक्षक सांगतात. मुलींच्या संघांबद्दल या चर्चेत जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मुलांच्या खेळाचे निष्कर्ष त्यांना तसेच लावले जातात. ते का लावावेत, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडचा सर्वांत मोठा अडथळा मात्र अगदीच साधा आहे. दर सामन्याची स्कोअरशीट भरली जाते, खेळाडूवार आणि क्वार्टरवार फाउल तिथं असतात, आणि हंगाम संपला की ते कागद जिमखान्याच्या कपाटात तळाला जातात. एकाच संघाचे घरच्या पायरीवरचे आणि वरच्या पायरीवरचे कागद शेजारी ठेवले, तर ‘आपल्याकडे याला फाउल म्हणत नाहीत’ हे वाक्य किती खरं ते दुपारभरात मोजता येईल. मी तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी कागद नव्हते, एका ठिकाणी कपाटाची किल्ली नव्हती.

तेव्हा सध्या हातात आहे ती ही एकच प्रत. तिच्यात एक ओळ अशी आहे की पाचही चौकोन रिकामे, आणि सामना संपल्यावर स्कोअररनं त्यांवरून मारलेली आडवी रेघ. सुरुवातीच्या पाचांत असलेला, बुटका, चेंडू पुढे आणणारा पोरगा. सगळा संघ फुल्यांनी रंगला असताना याला एकही फाउल कसा नाही, म्हणून मी त्याला गाठून विचारलं. तो जरा ओशाळला, जणू चुकून कामचुकारपणा केला असावा.

“मी तं पहिले बॅडमिंटन खेळायचो, सर.”